पावण्याचा कोंबडा

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. सिद्धी,

बोरीहून इंद्रायणी मावशीचे भरभरून आशीर्वाद. तू आणि जावईबापू तिकडं हैदराबादला खुशाल आहात, असं धरूनच चालते. इकडं आम्ही सगळे जिथल्या तिथं आहोत.

तुझी आजी, भंवरीबाई, गेल्या आठवड्यात आळेफाट्याला तुमच्या दुकानात भेटली. त्यांचे गुडघे धरलेत, पण जीभ अजून मोकळी आहे. मला बघितल्या बघितल्या विचारलं, "कोंबड्यांना हात लावून आलीस का गं?" मी म्हटलं, "नाही हो बाई, डोक्यावरून पाणी घेऊन आले." तरी साखरेची पिशवी माझ्या हातात दिली नाही, काउंटरवर ठेवली. तुझा भाऊ कल्पेश तोंड फिरवून हसत होता. मला राग नाही आला. उलट तुझीच आठवण आली. आमच्याकडून घरी गेलीस की मागच्या दारानं थेट मोरीत जायचीस, आणि आजी बाहेरून ओरडायची, "केस पण धू!" जन्मात अंडं तोंडात घातलं नाही अशी पोरगी, आणि बोरीच्या बायांना अंड्याचं शिकवून गेली. हे पत्र कल्पेशकडंच देणार आहे, तो कुरिअरनं दोन दिवसांत पोचवतो म्हणालाय. घट्ट चिकटवून देते, नाहीतर आजी उघडून बघतील.

बाकी कांद्याला पाणी चालू आहे. बिबट्यानं परवा रत्नाचं वासरू नेलं. आता खुरपायला जाताना बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालतात, कुत्र्याला घालायचे तसले. तू बघितलंस तर हसशील. नाही, हसायची नाहीस. परवा शिवजयंती, म्हणून रस्त्यानं पोरांच्या गाड्या झेंडे लावून आत्तापासूनच शिवनेरीकडं चालल्यात. त्यांच्या भोंग्यांत सासूबाईंना ऐकायला कमी येतं, आणि त्यांना वाटतं मीच बोलत नाही.

तुझे मेसेज मिळाले. आमच्या पोरीनं, राजनंदिनीनं उघडलेच नव्हते, तिचा मोबाईल घेऊन मीच आज उघडले. ठरल्याप्रमाणं बावीस तारखेला रविवारी येतेस, बरोबर अंडी उबवायच्या मशीनचे साहेब आहेत, अंडी न्यायला डबा आहे. खाली लिहिलंस, "कलेक्टरला सांगा मी येतेय," आणि कोंबड्याचं चित्र टाकलंस. वाचलं सगळं. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू पहिलं हेच विचारणार, "मावशी, कलेक्टर कसा आहे?" त्याचं उत्तर मला चटकन देता येत नाही. लिहिताना कसं, मधे उठून भाकरी टाकून येता येतं.

आधी थोडं मागचं लिहू दे. मला जरा धीर येईल.

तू पहिल्यांदा बोरीत आलीस ते आठवतं का? संस्थेची गाडी, डोक्याला टोपी, हातात ताणकाटा. समाजमंदिरात आम्हाला गोल बसवलंस आणि विचारलंस, "तुमच्या गावातला सगळ्यात मोठा, सगळ्यात तरतरीत कोंबडा कुणाकडं आहे? मला तो बघायचाय." आम्ही एकमेकींकडं बघून असं काही हसलो की तू पार कावरीबावरी झालीस. शेवटी रत्ना म्हणाली, "मॅडम, त्यो कवाच जावयाच्या पोटात गेला!" रत्नाचा जावयाच्या पोटात, माझा नंदाव्याच्या पोटात, गोजरबाईचा म्हसोबाला. दारात उरले होते ते वाकड्या पायाचे, पिसं झडलेले, कुणा पावण्यापुढं ठेवायची लाज वाटेल असले. "मग पुढची पिल्लं ह्यांच्यापासूनच होतात?" तू विचारलंस. आम्ही म्हटलं, मग आणखी कुणापासून होणार? तू डोक्याला हात लावून बसलीस.

चांगला तो राखायचा, वाईट तो खायचा. एवढंच सांगत होतीस तू, पण आम्हाला ते उलट्या पायानं चालायला सांगितल्यासारखं वाटलं. आमच्या सासूबाईंनी, तानूबाईंनी, तुला तोंडावर विचारलं, "आन् पावण्याला मरतुकडं घालायचं? आमी धनगर हाय बाई. आमच्या दारातनं पावणा वंगाळ खाऊन गेला तर काय ऱ्हायलं आमचं?" तू त्यांच्या पाया पडलीस आणि म्हणालीस, "आजी, पावण्याला गोड घाला." हसून हसून बायांची पुरेवाट झाली.

पण केलं गं आम्ही. पाच वर्षं केलं. तू बाहेरची जात आणली नाहीस, आमच्याच दारातल्यांतून निवडत गेलीस. जी अंडी जास्त देते, जी वेळेवर खुडूक होऊन अंड्यांवर नीट बसते, घार आली तर पिल्लं पंखाखाली घेते, तिच्या पोटचे कोंबडे राखायचे. त्यांच्या पायात निळी रिंग. निळ्या रिंगेला सुरी लावायची नाही. पावणे आले की वरण-भात आणि शिरा. लोकांनी नावं ठेवली, बोरीच्या बाया चिकट झाल्या म्हणून. झालो चिकट. पण खुराडं बाईचं झालं. अंडी विकायला न्यायची पुरुषमाणसाला लाज वाटते ते एक बरंय, आलेलं बाईच्याच हातात राहतं. आणि विकून उरलेलं पोरांच्या ताटात आलं. रत्नाची नात अंगणवाडीच्या काट्यावर कायम लाल पट्ट्यात असायची, ती बाहेर आली ती अंड्यांवरच. लग्न होऊन आल्यापासून मला ह्या घरात कुणी विचारलं नव्हतं, "इंदे, काय करायचं गं?" ते त्या कोंबड्यांमुळं विचारायला लागले. हे तुला तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आत्ता लिहून ठेवते.

मग तू हैदराबादला गेलीस, संस्थेचं काम आटोपलं, लस घेऊन येणारं कुणी राहिलं नाही, आणि दिवाळीनंतर कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. ते तुला सगळं ठाऊक आहे, परत लिहीत नाही. गावात राहिलं काय? आमच्या रानातल्या वाड्यावर मेंढरांजवळ ठेवलेला कलेक्टर आणि चार तलंगा, अजून अंड्यावर यायच्या होत्या त्या. आणि गोजरबाईची एक म्हातारी कोंबडी, तुझ्या आधीची, बिनरिंगेची. तुला फोन केला तेव्हा मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, "मावशी, कलेक्टर आहे ना? मग सगळं आहे." तिकडं साहेबांच्या मागं लागून तू मंजूर करून घेतलंस: बोरीत अंडी उबवायचं केंद्र, अंडी ह्याच पाखरांची, सांभाळायला राजनंदिनी, आणि बारावी झाली की तिला गुरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा. ह्यांनीसुद्धा स्पीकरवर, सगळ्यांसमोर तुला शब्द दिला. "केंद्र झालं तर पोरीच्या लग्नाचं तीन वरसं नाव काढणार न्हाई." पोरगी त्या दिवशी जेवताना एकटीच हसत होती. तिचं सगळं आपण एका कोंबड्याच्या पायाला बांधलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोंबडाच तसा होता.

सकाळी खुराड्यातून उतरला की आधी अंगणाला चक्कर, मग गोठा, मग उकिरडा. सगळी पाहणी झाल्याशिवाय दाण्याला तोंड लावायचा नाही. म्हणून तर राजनंदिनीनं नाव ठेवलं कलेक्टर. तिच्याशिवाय कुणाच्या हाताला यायचा नाही. मी बोलावलं तर मान वाकडी करून बघायचा आणि चालता व्हायचा. हे तर अंगणभर पळून दमायचे. तिनं नुसतं "या साहेब" म्हटलं की तुरुतुरु येऊन तिच्या गुडघ्याला टेकून उभा राहायचा.

यायचा, राहायचा, असं लिहितेय मी. तुझ्या लक्षात आलं असेल. थांब, सासूबाई हाक मारताहेत.

*

चहा दिला त्यांना. दुपार झाली. आता लिहितेच.

पंचवीस जानेवारीला, रविवारी, माझी नणंद तिच्या सासरच्या नात्यातली माणसं घेऊन आली. पारगावची, तिकडं आंबेगाव तालुक्यातली. काही कळवलं नव्हतं. म्हणे नारायणगावला लग्नाला आलो होतो, सहज वळलो. सहज कुणी गाडी भरून माणसं आणतं का? राजनंदिनीला दिवाळीत अठरा पूर्ण झाली, नणंद त्याचीच वाट बघत होती. मुलाचं नाव सुदर्शन, चाकणला कंपनीत आहे. मुलगा वाईट नाही, हे आधी सांगते. खाली मान घालून बसला होता, हिला कॉलेजचं विचारलं ते नीट विचारलं. त्याचे आईबापही वाईट नाहीत. कुणीतरी वाईट असतं तर मला हे पत्र सोपं गेलं असतं.

मी पोरीला साडी नेसवली. मनात म्हटलं, बघून जातील, मागाहून केंद्राचं सांगू, ह्यांचा शब्द आहे. डाळ शिजायला टाकली, शिऱ्याला रवा भाजायला घेतला. बाहेर मुलाचे वडील ओट्यावर पान लावत बसले होते. अंगणात बघत म्हणाले, "बहिरूराव, कोंबडा लई जोरात हाय राव तुमचा!"

एवढंच. मागितला नाही त्यांनी. पण आमच्यातलं तुला ठाऊक आहे. पावण्यानं दारातल्या जितराबाचं नाव काढलं की ते त्याचं झालं. माझे सासरे, राघूबाबा, मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वाटेत सोयऱ्यानं एखाद्या बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून "ब्येस हाय" म्हटलं, की त्याचं दावं सोयऱ्याच्या हातात. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की ती मोडायची म्हणजे सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून काढण्यातलंच काम. हे आत आले आणि हळूच म्हणाले, "मसाला वाट."

मी नाही म्हटलं. सिद्धी, मी गप्प बसले नाही, हे तुला कळायलाच हवं. म्हटलं, त्याच्या पायात निळी रिंग आहे. हे म्हणाले, "पायातलं कोण खातंय?" म्हटलं, फाट्यावरून ब्रॉयलर आणा, मी झणझणीत करते, कुणाला कळायचं नाही. "त्यांनी ह्याचं नाव काढलंय, इंदे. ताटात दुसरं वाढलं आन् ह्यो अंगणात हिंडताना दिसला तर काय म्हनतील?" म्हटलं, आणि तुमचा शब्द? सिद्धीला दिलेला? तर म्हणाले, "शब्द पोरीच्या लग्नाचा दिलाय, कोंबड्याचा न्हाई." मग मात्र माझं डोकं फिरलं. रव्याची कढई मी खाली आपटली. आवाज बाहेर गेला आणि बाहेरचं बोलणं थांबलं.

सासूबाई आत आल्या. दार ओढून घेतलं आणि मला हात जोडले. मला, सुनेला. "नगं गं बाई. आई भांडकुदळ हाय म्हनतील, पोरीला डाग लागंल."

तरी मी हटले नसते. देवाशपथ सांगते, नसते हटले.

पुढचं उद्या लिहिते. आज नाही होत.

*

बुधवार.

राजनंदिनी पेपरला गेलीय, सकाळच्या एसटीनं नारायणगावला. बारावी पुरी करू द्या म्हणाले पारगावचे, त्यांना बारावी पास सून हवीय. हे रानात आहेत. घरात कुणी नाही तोवर लिहून टाकते.

पोरगी कोपऱ्यात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "राहू दे आई. तुमच्यानं तो धरवायचा नाही. मी बोलावते."

मागच्या दारानं गेली. नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून उकिरड्यापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "या साहेब."

आला गं तो. नेहमीसारखा तुरुतुरु आला. तिनं त्याला काखेत घेतलं, तुऱ्यावरून हात फिरवला आणि नेऊन बापाच्या हातात दिला. मग मोरीत जाऊन हात धुतले, साडी नीट केली आणि चहा घेऊन पावण्यांसमोर गेली. खांद्याला एक पीस चिकटलं होतं. मुलाच्या आईनं ते चिमटीत धरून काढलं आणि हसून म्हणाल्या, "कामाची हाय पोरगी."

रस्सा मी केला. जीव ओतून केला. का, ते विचारू नकोस. बेचव केला असता तर कलेक्टर फुकट गेला असता, असं काहीतरी मला तेव्हा वाटलं. माणसं वाटीवर वाटी प्यायली, घाम पुसत प्यायली, आणि उठायच्या आत सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात. सगळे गेल्यावर मी ह्यांना धरलं, तुमच्या शब्दाचं काय झालं? तर हे म्हणाले, "केंद्र झालं तर म्हनलो व्हतो. आता केंद्र कशाचं? कोंबडा कुठाय?" आणि खरं सांगू का, ते बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता. आपण काय केलं ते माणसाला दिसत होतं, पण परत फिरायचं कसं ते ठाऊक नव्हतं. निळी रिंग राजनंदिनीनं धुऊन घेतली. तिच्या कंपासपेटीत असते.

मग तेव्हाच का कळवलं नाहीस, म्हणशील. कळवणारच होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पोरगी खुराड्यात हात घालून अंडी काढतेय. म्हणाली, "आई, सिद्धीताई सांगायची. कोंबडा गेला तरी काही दिवस त्याची अंडी उबतात." तलंगा नुकत्याच अंड्यावर आल्या होत्या. शुक्रवारपर्यंत आम्ही एक अंडं विकलं नाही की खाल्लं नाही. डझनभर जमली. तलंगा कोवळ्या, त्या कुठल्या खुडूक बसायला! पण गोजरबाईची म्हातारी त्याच आठवड्यात खुडूक झालेली. मी गेले, गोजरबाईनं एका शब्दात हो म्हटलं. टोपल्यात भुसा घालून तिच्या माजघरात कोंबडी बसवली. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी राजनंदिनीनं मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं बघितलं आणि मला हाताला धरून ओढत नेलं. आत लाल शिरा, बारीक बारीक, आणि मधे काहीतरी हलत होतं. एक सोडून सगळी जिवंत.

हसली ती, सिद्धी. मोठ्यानं हसली. तू यायच्या एक-दोन दिवस आधी पिल्लं फुटणार होती. आमचं ठरलं होतं, ताईला आधी काही सांगायचं नाही. पिल्लं तिच्या ओंजळीत द्यायची, मग सांगायचं. त्यात एखादा कोंबडा असणारच. आणि बापाला तेव्हाच म्हणायचं, हा घ्या कोंबडा, आता शब्द पाळा. मोडतात की लोक सोयरिकी. सुपारी फुटली म्हणून काय झालं! मी तर नणंदेला काय काय बोलायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं.

गेल्या शुक्रवारी गोजरबाईचा मुलगा सैन्यातून सुट्टीवर आला. त्यानंही कळवलं नव्हतं, आईला चकित करायचं म्हणून. शनिवारी तिचा वार, रविवारी शिवरात्र. म्हणजे घालायचं तर शुक्रवारीच. वर्षानं आलेलं पोर, आणि दारात एकच कोंबडी.

मी दळण घेऊन चालले होते. तिच्या घरातून वाटणाचा वास आला आणि मी रस्त्यातच उभी राहिले. आत गेले तर टोपलं रिकामं. मला बघून गोजरबाईच रडायला लागली. "इंदे, त्यो म्हनला, आई, घरची कर. मी काय करू गं? सीमेवरलं पोर, परत कवा यील... पर तुझी अंडी मी मरू दिली न्हाईत, ह्ये बघ." तिनं अंडी गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवली होती. नीट, मायेनं, एकावर एक लागू नयेत अशी ठेवली होती बाईनं. बाहेरच्या बाजूची गार पडलेली, चुलीकडची हाताला चटका बसेल इतकी तापलेली.

मी तिला काय बोलणार? मी तरी काय केलं होतं? तिच्या मुलानं वाकून नमस्कार केला, मी "औक्षवंत हो" म्हटलं. तिनं डोळे पुसत माझ्यापुढं वाटी ठेवली. मी खाल्ली नाही, एवढंच मी करू शकले.

राजनंदिनीनं अंडी घरी आणली. गोधडीसकट पोटाशी धरून दोन दिवस बसली, पुस्तक समोर उघडं टाकून. सासूबाई पण तिच्या शेजारी बसून अंड्यांवर हात ठेवायच्या. त्यांनीही सगळं बघितलंय, त्यांना मी आता काही बोलत नाही. रविवारी पोरीनं एक फोडलं. आत पिल्लू होतं. लव आलेली, तांबडी, त्याच्यासारखीच. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवग्याखाली खड्डा केला, सगळी पुरली, हात धुतले आणि अभ्यासाला बसली. मी म्हटलं, सिद्धीताईला फोन लावू का? तर म्हणाली, "नको. ती काहीतरी मार्ग काढेल आणि मला परत वाट बघत बसावं लागेल."

काल हे पत्र अर्धं सोडून मी भाकरी करायला बसले, तर ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, त्या दिवशीचा रस्सा कसा केला होतास?"

माझी तव्यावरची भाकरी करपली.

"पारगावहून फोन आला होता. सासूबाई विचारत होत्या, आईसारखा रस्सा येतो का गं तुला. मी येतो म्हटलंय."

मग मी सांगितलं. कांदा आख्खा निखाऱ्यावर टाकायचा, खोबरं काळं पडू द्यायचं नाही, काळा मसाला कधी घालायचा, पाणी गरमच ओतायचं. तिनं सगळं मन लावून ऐकलं, तुझ्या बैठकीत ऐकायची तसंच, मधे दोन शंका पण विचारल्या. आणि शेवटी म्हणाली, "आणि कोंबडा?"

मी म्हटलं, "कोंबडा चांगला लागतो."

माझ्या तोंडून गेलं, सिद्धी. पाच वर्षं तुझ्याबरोबर दारोदार हिंडून मी बायांना उलटं सांगत होते, आणि काल पोरीला हे मीच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून माझं कशातच मन लागत नाही. वाटतं, आपण काही केलंच नव्हतं. तू आलीच नव्हतीस.

चारही तलंगा आहेत. रोज अंडी देतात, पण ती नुसती खायची. त्याही मे महिन्यात राजनंदिनीबरोबर पारगावला जाणार. विहीणबाईंनी मायेनं मागितल्यात, पोरीला तिथं माहेरचं वाटावं म्हणून. त्यांच्या दारात बाजारातून आणलेला पांढरा कोंबडा आहे. पिल्लं होतील, पण ती ह्यांच्यातली नसतील. तू म्हणशील, निदान तलंगा तरी मला द्या. नाही देता येत. त्यांचं नाव काढून झालंय.

रविवारी साहेबांना घेऊन येऊ नकोस, त्यांना डबा रिकामा परत न्यावा लागेल आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवणार नाही. तुला एकटीला यावंसं वाटलं तर ये. पण पावणी म्हणून येऊ नकोस. मागच्या दारानं ये, आजीकडं जायचीस तशी. माझ्याजवळ घटकाभर बस. आणि माझ्या घरात काहीही दिसलं, कितीही आवडलं, तरी त्याला चांगलं म्हणू नकोस.

चांगलं होतं ते सगळं वाढून बसलेली,
तुझी इंद्रायणी मावशी